नावाशिवाय आणि आडनावासकट

पुण्याचे स्थळ नाकारायला आलेली मुंबईची मुलगी आणि दिवसभर तिला शहर हिंडवणारा, मुळात तेच स्थळ असलेला पुणेकर! एवढ्या भांडवलावर सतीश राजवाड्यांनी २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ काढला. नायक-नायिकेला त्यात नावेसुद्धा नाहीत. हवीत कशाला? स्थळ म्हणून आले त्या अर्थी घर, शिक्षण, पगार वडीलधाऱ्यांनी आधीच पाहिलेले. उरतो तो पुणे श्रेष्ठ की मुंबई, हा वाद. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी तो असा झकास घालतात, की अस्सल पुणेकरानेही अपमान गोड मानून घ्यावा.

रवी जाधवांच्या ‘टाइमपास’मध्ये (२०१४) मात्र आडनावाशिवाय पान हलत नाही. दगडू परब दहावी नापास, बाप रिक्षावाला, प्राजक्ता लेल्यांची. आरडाओरडा जरा जास्तच आहे, तरी मला हाच चित्रपट अधिक खरा वाटतो. दगडूच्या टपोरी बोलण्यावर हसता हसता लेले समोर उभे ठाकतात आणि हसू घशात अडकते. शेवटी ताटातूटच. या दोघांचे लग्न लागायला २०१५ साली दुसरा भाग काढावा लागला; तोवर दोघे वयाने थोर झालेले आणि नटनटीही निराळी!