सिक्लिड माशांची घरगुती पैदास : आधी पाणी पाहा, मग मासा

शिवणकाम, वेल्डिंग, काच-ॲल्युमिनियम, सुतारी यांवर घर चालविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांत एका जोडधंद्याची चर्चा अधूनमधून होत असते. तो धंदा म्हणजे शोभेच्या माशांची घरगुती पैदास. घरातली एक खोली मोकळी आहे, बायका-मुलांचे हात आहेत, गुंतवणूकही फार नाही, मग का करू नये, असा प्रश्न आम्हांला विचारला जातो. आमचे उत्तर आहे, जरूर करावा. मात्र ज्या रीतीने तो बहुधा सुरू केला जातो, ती रीत पैसा बुडविणारी आहे. दुकानात सर्वांत देखणा दिसेल तो मासा उचलायचा, हाती येईल त्या टाकीत सोडायचा आणि अंड्यांची वाट पाहायची, याला आम्ही धंदा म्हणत नाही.

सिक्लिड म्हणजे कोण?

नाव परके वाटले तरी हे कूळ आपल्या ओळखीचे आहे. मासळीबाजारातली चिलापी, म्हणजेच १९५२ मध्ये आफ्रिकेच्या वाणातून भारतात आणलेला तिलापिया, याच कुळातला. कोकणच्या खाड्यांतला कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात आणि जो २०१० मध्ये त्या राज्याचा राज्यमासा ठरला, तोही सिक्लिडच. भारताच्या मूळच्या सिक्लिड जाती अवघ्या तीन आहेत. शोभेच्या बाजारातले एंजल, ऑस्कर, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेचे, तर पिवळे-निळे मलावी मासे आफ्रिकेतल्या त्याच नावाच्या सरोवराचे.

घरगुती पैदाशीला हे कूळ सोयीचे, कारण रोहू-कटल्यासारखे इंजेक्शन देऊन अंडी काढावी लागत नाहीत. नर-मादी आपणहून जोडी जमवितात, जागा साफ करतात, अंडी-पिल्लांची राखण करतात. काही जातींची मादी तर पिल्ले तोंडात सांभाळते.

जी जात टाळावी

नवशिक्याला सर्वांत आधी विकला जातो तो लाल पॅरट. गोल, गुबगुबीत, रंगाने भडक. हा निसर्गातला मासा नसून संकरातून तयार केलेला आहे आणि त्याचे नर बहुतेक वांझ असतात. जोडी अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अंडी पांढरी पडतात. "ब्रीडिंग जोडी" म्हणून चढ्या दामाने पॅरट विकणाऱ्यापासून दूरच राहावे.

दुसरा फ्लॉवरहॉर्न. हाही संकर, १९९० च्या दशकात मलेशियात निपजलेला. डोक्यावरच्या उंचवट्याने नशीब उघडते या समजुतीवर त्याचे दाम चढले. परंतु एका विणीतल्या थोड्याच पिल्लांना तसा उंचवटा येतो, बाकीची कवडीमोल. शिवाय मोठा झाल्यावर प्रत्येक मासा वेगळ्या टाकीत ठेवावा लागतो, आणि एकाला चार फुटांची टाकी. गरीब कारागिराने हा जुगार का खेळावा?

तिसरा डिस्कस. मासा अस्सल, किंमतही अस्सल. पण त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी, २८ ते ३० अंश उबेचे आणि वारंवार बदललेले पाणी लागते. पिल्ले सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊनच जगतात. हा पाच वर्षे हात बसलेल्या माणसाचा मासा आहे. ऑस्कर फूटभर वाढतो, त्याच्या जोडीला पाच-सहा फुटांची टाकी हवी. तोही पहिल्या वर्षी नको.

आपले पाणी काय म्हणते?

आमच्या मते जातीची निवड दुकानात नव्हे, घरच्या नळावर करावी. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नसेल, चहाच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी जड आहे. पीएच तपासण्याच्या पट्ट्या आणि टीडीएस मीटर हे दोन किरकोळ खर्च आधी करावेत.

पाणी जड असेल तर त्याच्याशी भांडू नये. मलावीचा इलेक्ट्रिक यलो हा मासा अशाच जड, अल्कधर्मी पाण्यातला. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. मादी सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्ले तोंडात धरते. पिल्ले थोडी, दहा-वीसच, पण जन्मतःच धडधाकट आणि जगण्याचे प्रमाण चांगले.

पाणी मध्यम असेल तर एंजल. पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेला एंजल बराच जडपणा सोसतो, आणि त्याला गिऱ्हाईक बारमाही आहे. अंडी उबत नसतील तर पावसाचे स्वच्छ साठविलेले पाणी मिसळून पाहावे. निव्वळ हात बसविण्यासाठी कॉन्व्हिक्ट उत्तम, तो कुठेही वितो, पण म्हणूनच त्याला भाव नाही.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते चोवीस तास उघडे ठेवून हवा सोडावी किंवा जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या परिचयाचा हायपो जपून वापरावा.

टाकीचा हिशेब

लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे, म्हणजे लिटर निघतात. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे ५६ लिटर. ही कॉन्व्हिक्टच्या जोडीपुरती. एंजल उंच मासा, त्याच्या जोडीला दोन बाय दीड बाय दीड, म्हणजे १२६ लिटर. नर-मादी ओळखणे कठीण असल्याने सहा-आठ लहान एंजल घेऊन जोडी आपणहून जमू द्यावी आणि त्यासाठी तीन बाय दीड बाय दीडची, १८९ लिटरची टाकी ठेवावी. इलेक्ट्रिक यलोच्या गटालाही एवढीच लागते. चार फुटी, २५२ लिटरची मिळाली तर अधिक चांगली.

परंतु खरी गोम इथेच आहे. जोडीची टाकी हा धंद्याचा लहान भाग. समजा एंजलच्या जोडीने तीनशे अंडी घातली आणि दीडशे पिल्ले जगली. रुपयाच्या नाण्याएवढी होईपर्यंत पिल्लामागे निदान दोन लिटर पाणी हवे, म्हणजे तीनशे लिटर. तीन फुटी दोन टाक्या नुसत्या पिल्लांना गेल्या! पिल्ले विकण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि अंडी काढून घेतली तर चांगली जोडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. पहिली वीण घरात असतानाच दुसरी येते, जागा नसते, दाटीत पिल्ले खुरटतात, परांचे टोक झडते, दुकानदार नाक मुरडतो. म्हणून एका जोडीमागे पिल्लांसाठी जोडीच्या टाकीच्या तिप्पट पाणी असा अंदाज धरावा आणि जागा भरलेली असेल तेव्हा नर-मादी वेगळे करून विश्रांती द्यावी. चार जोड्यांची हाव धरण्यापेक्षा एक जोडी आणि पुरेशा टाक्या, यात बरकत आहे.

सिमेंटची टाकी स्वस्त पडते, पण नवीन सिमेंटचा चुना उतरेपर्यंत ती काही आठवडे भरून-रिकामी करीत राहावी.

आपल्याच कारागिरांचे काम

टाकी विकत आणण्याआधी मोहल्ल्यात पाहावे. काच कापणारा, स्टँड जोडणारा वेल्डर, झाकण करणारा सुतार, सारे आपलेच आहेत. दीड फूट उंचीच्या टाकीला ८ मिलिमीटरहून पातळ काच नको. सिलिकॉन बुरशीनाशक औषध नसलेलेच घ्यावे आणि निदान दोन दिवस वाळू द्यावे. लक्षात ठेवावे, लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. चार फुटी टाकी काच-स्टँडसह तीन क्विंटलच्या घरात जाते, लाकडी माळ्यावर ती ठेवू नये. ज्याला मासे पाळायचे नाहीत, त्यालाही टाक्या बनविण्याचा धंदा खुला आहे.

ऊन, वीज आणि गिऱ्हाईक

कामरगाव, कारंजा, मूर्तिजापूर या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याच्या खोलीत पाणी ३२ अंशांवर गेले की त्यातली प्राणवायूची मात्रा घटते आणि मासे वर तोंड काढतात. म्हणून खोली जाड भिंतीची, उत्तरेकडची निवडावी. वीज गेली तर हवेचा पंप चालू राहील अशी बॅटरीची सोय पहिल्या दिवसापासून हवी. हिवाळ्यात लिटरमागे साधारण एक वॅट या मानाने हीटर लागतो.

नव्या टाकीत पाण्यातले उपयोगी जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळाचा उपयोग गिऱ्हाईक शोधण्यासाठी करावा. अकोला, अमरावती, नागपूरच्या दुकानदारांना भेटावे, कोणती जात, कोणत्या मापाची, महिन्याला किती घेणार हे विचारावे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट किंवा चेन्नईच्या कोळत्तूरचे भाव ऐकून हुरळून जाऊ नये, तेथील माल मोठा आणि स्पर्धाही मोठी. पाठविताना मासे एक दिवस उपाशी ठेवावेत, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरावा.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागील शोभिवंत मासे संगोपन युनिटचा खर्च तीन लाख रुपये धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरविले होते. चालू वर्षाची तरतूद जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी, आणि अर्ज घरातल्या बहिणीच्या नावे करण्याचा विचार करावा, कारण रोजची निगा बहुधा तीच राखणार आहे. मात्र अनुदानाच्या आशेवर उधारीत टाक्या भरू नयेत.

एक विनंती शेवटी. नको झालेले मासे अडाण धरणात किंवा नाल्यात सोडू नयेत. चिलापीने ठिकठिकाणच्या तलावांत मूळच्या माशांना कसे मागे रेटले, हे मासेमारांना विचारावे. आपल्या जोडधंद्यापायी त्यांच्या पोटावर पाय येता कामा नये.

पाणी तपासा, गिऱ्हाईक ठरवा, पिल्लांची जागा मोजा आणि मगच एक जात, एक जोडी घ्या. वर्षभर वहीत जमाखर्च लिहा. वही नफा दाखवील, तरच दुसरी जोडी आणा.