टेलस्टॉक डळमळतो तेव्हा

नातवाच्या पाळण्यासाठी आजोबांनी हौसेने सागवानाचे दांडे कातायला घ्यावेत, तीन दांडे छान उतरावेत आणि चौथ्याला यंत्र थरथरू लागावे! पटाशी टेकली की खडखड आवाज येतो आणि गुळगुळीत हव्या त्या दांड्यावर पिळाच्या रेघा उमटतात. मग बोल लावला जातो पटाशीच्या धारेला, नाहीतर लाकडाला. खरा दोषी मात्र पुष्कळदा दुसऱ्या टोकाला गुपचूप उभा असतो. तो म्हणजे टेलस्टॉक.

लेथवर लाकूड दोन टोकांमध्ये धरलेले असते. एका बाजूला मोटरवर फिरणारा हेडस्टॉक, तर दुसऱ्या बाजूला नुसता आधार देणारा टेलस्टॉक. केवळ कातकामासाठी बनवलेल्या मोठ्या लेथला बिडाचा जड बेड असतो. बहुउद्देशीय यंत्राचे तसे नसते. करवत, ड्रिल, सँडिंगची तबकडी आणि लेथ एकाच मोटरवर चालवणारे ‘शॉपस्मिथ’ हे यंत्र हान्स गोल्डश्मिट यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत बाजारात आणले आणि ते घरगुती हौशी कारागिरांत लोकप्रिय झाले. अशा यंत्रात बेडच्या जागी पोलादी नळ्या असतात आणि काम बदलले की टेलस्टॉक काढून ठेवता येतो. पण काढता-घालता यायचे, तर सांध्यात थोडी फट ठेवावीच लागते. तीच फट कातताना नडते.

म्हणून आधी दोष शोधावा, मगच पाना हातात घ्यावा. यंत्राचा प्लग काढून टेलस्टॉकचे टोक हाताने मागेपुढे, वरखाली दाबून पाहावे. सांध्याजवळ हालचाल दिसली, तर तिथे फट आहे. नळ्यांसकट सगळेच हलले, तर दोष नळ्यांचा किंवा स्टँडचा. एखादा पाय जमिनीवर टेकत नसेल, तर त्याखाली पाचर द्यावी. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, तरी थरथर बरीच कमी होते.

सांध्यातला गंज आणि भुसा बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. त्यानंतरही फट उरली, तर पितळी पत्र्याची पातळ पट्टी घालावी. शीतपेयाच्या डब्याचा पत्राही चालतो. पट्टी बसवल्यावर हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांची टोके एकमेकांसमोर आणून वरून आणि बाजूने पाहावे. टोके जुळली नाहीत, तर पट्टीची जागा बदलावी.

टेलस्टॉकमधून पुढे येणारा दांडा होईल तितका आत ठेवावा. बाहेर आलेली लांबी निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाखाली त्याचे वाकणे आठव्या हिश्श्यावर येते! लाकूड आखूड असेल, तर दांडा लांबवण्याऐवजी हेडस्टॉकच जवळ सरकवावा आणि सर्व कळा पुन्हा आवळाव्यात.

नळ्याच लवत असतील, तर कठीण लाकडाचे दोन ठोकळे घ्यावेत. त्यांत नळ्यांच्या मापाच्या अर्धगोल खाचा कोराव्यात आणि टेलस्टॉकजवळ दोन्ही नळ्या त्यांत धरून बोल्टने आवळाव्यात. त्या ठोकळ्याखाली जमिनीपर्यंत एक टेकू दिला की काम आणखी पक्के होते.

एक चूक मात्र टाळावी. टेलस्टॉक हलतो म्हणून त्याचे टोक लाकडात जोराने दाबू नये. त्याने बारीक दांडा धनुष्यासारखा वाकतो, बेअरिंग तापते आणि थरथर उलट वाढते. ढिल्या आधारावर फिरणारे लाकूड निसटले, तर ते थेट तोंडावर येऊ शकते. म्हणून लाकूड आधी हाताने एक फेरा फिरवून पाहावे, नंतरच सर्वांत कमी वेगाने मोटर सुरू करावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. सैल बाह्या, ओढणी, पदर आणि बांगड्या यंत्रापासून दूर ठेवाव्यात, लहान मुलांनाही.

एवढे केल्यावर चौथा दांडा पहिल्या तिघांच्या जोडीला शोभेल. आणि पाळण्याच्या दांड्याला नुसते शोभून भागत नाही. त्यावर घरातल्या सर्वांत लहान माणसाचा भार असतो.