तांब्या कोणी वाचायचा?

डिझाइनच्या शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळवायचा तर तयारी कशाची करावी, या प्रश्नाला महाराष्ट्रात आज एकच उत्तर ऐकू येते. अकरावीत असतानाच एखादा क्लास लावावा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, हात बसेपर्यंत चित्रे काढावीत आणि इंग्रजी सुधारावे. हे उत्तर देणारे क्लासचालक असतात, पालक असतात, क्वचित शाळेतले चित्रकलेचे शिक्षकही असतात. मराठीचा शिक्षक मात्र या संभाषणात कोठेच नसतो. त्याला कोणी विचारीत नाही, आणि आपल्याला विचारायला हवे होते असे त्यालाही वाटत नाही. आमचे म्हणणे असे की या तयारीचा गाभा ज्याच्या विषयात आहे तोच येथे गैरहजर आहे. या गैरहजेरीचा तोटा विद्यार्थ्याला होतो, तितकाच तो मराठीच्या अभ्यासालाही होतो.

आधी परीक्षांचे स्वरूप पाहू. पदवी अभ्यासक्रमासाठी प्रामुख्याने दोन परीक्षांची नावे घेतली जातात. एक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एनआयडीची. ती प्राथमिक आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते, आणि मुख्य टप्प्यात हाताशी दिलेल्या साहित्यातून काही घडवून दाखवावे लागते. दुसरी यूसीड. ही आयआयटी मुंबई २०१५ पासून घेते; तिचा एक भाग संगणकावर सोडवायचा असतो, तर दुसरा कागदावर, हाताने. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला यूसीडला बसता येते, ही गोष्ट कला शाखेच्या वर्गांत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दोन्ही परीक्षांचा दावा एकच आहे. पाठांतर नव्हे, तर निरीक्षण, कल्पकता, आकारांची जाण आणि वस्तूंमागची माणसे ओळखण्याची दृष्टी त्यांना तपासायची आहे.

दावा उत्तम आहे. परंतु जी गोष्ट परीक्षेत तपासली जाते ती बाजारात विकली जाऊ लागते, आणि विकायची म्हटली की तिचे ठोकळे पाडावे लागतात. निरीक्षणाचे ठोकळे कसे पाडणार? म्हणून मग निरीक्षणाच्या जागी त्याचे नमुने विकले जातात. पाठमोरी बसलेली व्यक्ती कशी काढावी, बसथांब्यावरची गर्दी किती रेघांत उरकावी, छत्री धरलेला हात कोणत्या कोनातून सोपा जातो, हे सारे घोटून घेतले जाते. एखादी अडचण देऊन तिच्यावर उपाय सुचवायला सांगितले, तर त्याचीही तयार सामग्री असते: वस्तूला एक सौर पट्टी लावावी, आत एक सेन्सर बसवावा, आणि उरलेले सारे मोबाइलवरच्या अॅपवर सोपवावे. म्हाताऱ्या माणसाची काठी असो वा भाजीवाल्याची हातगाडी, उत्तर तेच. हातगाडीची मूठ कोणत्या उंचीवर आहे आणि ती ढकलणाऱ्याचे मनगट संध्याकाळी का दुखते, हे पाहण्याची गरजच उरत नाही.

क्लासचालकांना झोडपणे सोपे आहे, आणि तेवढ्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. कित्येक तालुक्यांच्या गावी अशा संस्था अस्तित्वात आहेत हेही मुलांना प्रथम त्यांच्याकडूनच कळते. फॉर्म कसा भरावा, पोर्टफोलिओ कशाला म्हणतात हेही तेच सांगतात. शाळा-महाविद्यालयांनी टाकलेले काम ते पैसे घेऊन करतात, इतकेच. शिवाय नमुना घोटण्याची खोडही त्यांनी लावलेली नाही. ती आपल्याकडे जुनी आहे.

महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा आठवाव्यात. त्यांतले विषय किती विचारपूर्वक निवडलेले होते! समोरची वस्तू पाहून काढण्याचा विषय होता, आठवून काढण्याचे स्मरणचित्र होते, संकल्पचित्र होते, भूमिती होती, अक्षरलेखन होते. ‘डिझाइन’ या शब्दाला ‘संकल्प’ हा प्रतिशब्द देणाऱ्याने मोठीच गोष्ट सांगितली होती, कारण नक्षीच्या आधी हेतू येतो, हे त्या शब्दातच आहे. प्रत्यक्षात मात्र संकल्पचित्र म्हणजे चौकोनात अर्धे कमळ बसवून त्याची चार वेळा आवृत्ती करणे, असाच अर्थ मुलांच्या हाती लागला. स्मरणचित्राची तर आणखी गंमत. भाजीबाजार काढायला सांगितला की जो बाजार कागदावर उतरे, तो मुलाने दर आठवड्याला पाहिलेला बाजार नसे. सरांनी फळ्यावर काढून दाखवलेली, डोक्यावर पाटी घेतलेली बाई तेवढी त्याच्या स्मरणात असे. आजचा क्लास याच स्मरणचित्राचा महागडा वारसदार आहे.

मग खरी तयारी कशाला म्हणावे? याचे उत्तर भारतीय डिझाइन शिक्षणाच्या मूळ दस्तऐवजातच आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य येथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्यातून पुढे १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली. या अहवालातले सर्वांत गाजलेले स्थळ म्हणजे आपला साधा लोटा, म्हणजेच तांब्या. तांब्याला सुंदर म्हणून ते थांबत नाहीत. ते प्रश्न विचारीत जातात. त्यात पाणी किती मावावे? तो उचलणारा हात केवढा आणि किती ताकदीचा? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवरून की गाडीतून? भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो? ओतताना धार कशी पडते? तो घासायला कसा, विकायला कसा, मोडीत घातला तर हाती काय येते? एका वस्तूभोवती प्रश्नांची अशी माळच तेथे गुंफलेली आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही विचारतो, हे काय आहे? हे चित्र नाही, आराखडाही नाही. हे गद्य आहे. एखाद्या कवितेतला शब्द तेथेच का, दुसरा का नाही, हे ज्या चिकाटीने आपण वर्गात विचारतो, त्याच चिकाटीने येथे तांब्याची मान, पोट आणि कड वाचलेली आहे. देशातल्या पहिल्या मोठ्या डिझाइन संस्थेचा पाया एका वस्तूच्या सूक्ष्म वाचनावर घातला गेला, आणि अशा वाचनाचे शिक्षण देणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना याची दखलही नसावी! पुढे तांब्याचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. प्रश्न मागे पडले आणि तांब्या उरला. मोर आणि वारली आकृती यांच्या रांगेत तो ‘भारतीयत्वा’ची खूण म्हणून पोर्टफोलिओच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला. ज्याला वाचायचे होते त्याला सजावटीला लावले.

असे वाचन ज्या भाषेत घडते, ती बहुतेक मुलांच्या बाबतीत घरचीच भाषा असते. स्वयंपाकघरातली क्रियापदेच घ्या. भाजी चिरतात, पालेभाजी खुडतात आणि निवडतात, काकडी कोचवतात, नारळ खोवतात, बटाटा सोलतात, गाजर किसतात. घराबाहेर पडलो की फांदी छाटतात, लाकूड तासतात. प्रत्येक क्रियापदात हात, पाते आणि पदार्थ यांचे नाते निराळे आहे. कोठे पाते हलते, कोठे पदार्थ हलतो, कोठे पातेच नसते, नुसती नखे असतात. या क्रियापदांतला फरक ज्या मुलीला दहाव्या वर्षीच कळलेला आहे, तिच्यापाशी अवजारांच्या रचनेचे ज्ञान आधीच आहे. ते ज्ञान आहे, एवढे तिला कोणी सांगितलेले नसते.

आता विळी घ्या. विळीवर बसणारी बाई पाट पायाने दाबून ठेवते. पाते स्थिर राहते, भाजी पात्यावर येते आणि दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. सुरीचे उलट. तेथे भाजी फळीवर स्थिर, पाते हलते, आणि एक हात पात्याला द्यावा लागतो. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा आला, तेव्हा जमिनीवरच्या बैठकीशी बांधलेली ही वस्तू अडचणीत आली. पात्याची धार पूर्वीइतकीच होती, पण तिच्यापुढे बसणारे माणूस उठून उभे राहिले होते. तिच्यापुढे कोणी बसायचे, किती वेळ बसायचे आणि कोणी कधीच बसायचे नाही, हा घरातला कायदाही त्या पाटावर लिहिलेला आहे. हे सारे एका पानात लिहून काढता येणे, ही डिझाइनच्या परीक्षेची तयारी आहे. चित्र त्यानंतर येते, आणि आले की ते कोणाचे तरी असते.

आता भाषेचा प्रश्न. यूसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. तिच्या अभ्यासक्रमात भाषा हा घटक आहे, आणि ती भाषा म्हणजे प्रमाण इंग्रजी. यावर ठरलेले उत्तर असे की डिझाइन हा आंतरराष्ट्रीय व्यवहार आहे, पुढचे सारे शिक्षण इंग्रजीत आहे, तेव्हा दारातच इंग्रजी तपासलेले बरे. या उत्तरात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पुढे इंग्रजी लागणार, आणि ते शिकवावेही लागणार. पण वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत नाही काय? अभियांत्रिकीचे नाही काय? तरीही नीट ही परीक्षा २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते. शरीरशास्त्र आणि गणित मराठीतून तपासता येते. मात्र ज्या परीक्षेला मुलाने आपला परिसर किती डोळसपणे पाहिला हे जाणून घ्यायचे आहे, तिला त्या परिसराची भाषा चालत नाही, हा तर्क आम्हांला उलगडत नाही. ज्याचे पाहणे मराठीत झाले, त्याला आधी त्याचे भाषांतर करावे लागते. भाषांतरात चुकले की पाहण्यातच उणीव होती, असे गुणपत्रिका सांगते.

येथे कोणी म्हणेल की हे स्मरणरंजन झाले. विळी-तांब्याच्या गोष्टी सांगून शहरातल्या, फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांचे काय भले होणार? हा आक्षेप आम्हांला मान्य नाही, कारण वस्तू जुनी असावी असा आमचा आग्रह मुळीच नाही. लोकलच्या डब्यातली हाताची कडी, एस.टी.च्या खिडकीची सरकती काच, पाण्याच्या टँकरभोवती रांगेत ठेवलेली प्लास्टिकची पिंपे, इमारतीच्या लिफ्टमधली बटणे, यांतले काहीही घ्यावे. आग्रह पाहण्याचा आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत मांडण्याचा आहे.

आणि म्हणूनच आमचे मुख्य भांडण आयआयटीशी किंवा क्लासशी नाही. ते मराठीच्या अध्यापनाशी आहे. शाळेत आपण मुलांकडून वस्तूंची मनोगते लिहून घेतो. ‘मी छत्री बोलतेय’, ‘शाळेच्या फळ्याचे मनोगत’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’. वस्तूच्या जागी उभे राहून विचार करायला लावणारा याहून चांगला स्वाध्याय डिझाइनच्या शाळेलाही सुचणार नाही! पण आपली छत्री काय बोलते? ती रडते, कृतज्ञता मागते आणि शेवटी उपदेश करते. आपल्याला काड्या किती, कापड आधी कोठे विरते, वाऱ्यात आपण उलट्या का होतो, आपली मूठ वाकडी कशासाठी, यावर ती अवाक्षर काढीत नाही. मुलाने तसे लिहिलेच तर ‘भावनेचा अभाव’ म्हणून गुण कापले जातात. पुढे महाविद्यालयात हेच मूल साहित्य शिकते ते कालखंड, प्रवाह आणि वाद यांच्या याद्यांच्या रूपाने. वस्तूकडे पाहणाऱ्या गद्याला तेथे फारशी जागा नसते.

असे गद्य मराठीत नाही काय? त्रिं. ना. आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ गावातले कोण काय काम करतो आणि त्याचा मोबदला त्याला कसा मिळतो, याचे तपशील मांडते. वस्तूमागची माणसे शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तेथूनच आरंभ करावा. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ रंग आणि पोत यांच्या नोंदींसाठी उघडावे. आणि र. कृ. जोशी यांना आपण कोणत्या खणात ठेवणार? ते कवी होते, सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापक होते, आणि संगणकावर ज्या ‘मंगल’ टंकातून असंख्य लोकांनी मराठी वाचली त्याचे कर्ते होते. त्यांच्या ठायी कवी आणि डिझाइनर अशी दोन माणसे नव्हती. अक्षराची काना-वेलांटी कोठे वळावी, हे ठरवायला ते अक्षर वाचणारा डोळाच लागतो. २००८ साली ते गेले. आपल्या अभ्यासक्रमांत त्यांची कविता शोधावी लागते आणि त्यांचा टंक तर शोधूनही सापडत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा भारतीय भाषांतून देता याव्यात. निदान जेथे विद्यार्थ्याने पाहायचे, काढायचे आणि दोन ओळींत सांगायचे आहे, तेथे तरी त्याची भाषा चालावी. शालेय मराठीत वस्तूच्या मनोगताबरोबर वस्तूचे वर्णन आणि चिकित्सा यांनाही गुण असावेत. कला शाखेच्या मुलांना या परीक्षांची माहिती मराठीच्या तासाला मिळावी, आणि ती देणाऱ्याने सोबत एक वही द्यावी. रोज एक वस्तू, एक पान, मराठीत. चित्र काढावेसे वाटले तर शेजारच्या पानावर. वर्षभर अशी वही भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. जागा थोड्या आहेत आणि परीक्षा कठीण आहेत. पण ज्याला प्रवेश मिळणार नाही त्याच्या हाती क्लासच्या पावतीखेरीज काहीतरी उरेल, आणि ज्याला मिळेल तो तेथे रिकाम्या हाताने जाणार नाही. पहिली मागणी मान्य होण्यास वेळ लागेल. वहीला कोणाची परवानगी लागत नाही; ती या जूनपासून सुरू करता येईल.