जोडणी त्याची, तपासणीही त्याचीच

पावसाळा सरून शेतांतली खरिपाची पिके निघाली, सकाळचा वारा मंदावला आणि दिवाळीच्या सुट्या लागल्या, की आपल्या उड्डाणाच्या मैदानांवर दरसाल काही नवी मंडळी दाखल होतात. हातात लांबट खोका, खोक्यात फोमचे पांढरे अवयव, सोबत परकीय भाषांत छापलेले सूचनापत्रक, आणि मुद्रेवर असा भाव की आता चिकटवायचे तेवढे उरले आहे. या मंडळींचे स्वागत आपण करीत नाही असे नाही. परंतु ते ज्या रीतीने करतो त्या रीतीविषयी आमची तक्रार आहे, आणि ती येथे आडपडदा न ठेवता मांडावयाची आहे.

रीत अशी. नवागताने जोडून आणलेले विमान एखादा अनुभवी सभासद हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, "अहो, शेपटीला जड आहे हे" असे पुटपुटत स्वतःच बॅटरी पुढे सरकवतो, उलट हलणारे एलेरॉन ट्रान्समीटरच्या दोन कळा दाबून सुलट करतो, विमान स्वतःच हवेत सोडतो, ट्रिम बसवतो, आणि मग मालकास आपलेच विमान उडविण्याची मुभा देतो. यात परोपकार आहे, वेळेची बचत आहे, आणि खरे बोलायचे तर थोडी प्रौढीही आहे. मालक मात्र ज्या दोषांची दुरुस्ती झाली ते दोष कोणते होते आणि कशाने उद्भवले, याचा मागमूसही नसताना घरी जातो, आणि पुढल्या रविवारी पंख पुन्हा बसविताना तेच सारे निष्ठेने पुन्हा करून आणतो.

बाल्साच्या काळी या उपकारशीलतेने फारसे बिघडत नसे, कारण तेव्हा शिकविण्याचे काम मेजच करीत असे. फासळ्या कापा, नकाशावर टाचण्यांनी बसवा, वर कागद ताणा. आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्या या उद्योगात कोणते पृष्ठ कशासाठी आहे, वजन कोठे साचते आणि ते का साचू देऊ नये, हे बोटांना आपोआप कळत जाई. फोमने हा सारा काळ एका संध्याकाळवर आणला. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीच्या ईझीस्टारसारख्या विमानाने, पंखामागे उंचावर मोटर बसवून नाकावरची आपटी प्रॉपेलरला सुसह्य करून, कितीएक नवशिक्यांना या छंदात टिकवून ठेवले, हे त्या फोमचे ऋण आम्ही मोकळेपणी मान्य करतो. परंतु जे शिक्षण मेजावर होत होते ते आता कोठे तरी व्हावयास हवेच, आणि मैदानावरील तपासणीखेरीज त्यास दुसरी जागा उरलेली नाही.

म्हणून ही तपासणी नवशिक्याच्या हातून करवून घेतली पाहिजे. ती काय स्वरूपाची असावी, याचा थोडा तपशील देणे अप्रस्तुत होणार नाही.

आरंभ गोंदापासून करावा. मखराचा थर्माकोल आणि विमानाचा फोम एकच, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः थर्माकोलवर साधा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद टाकला तर सांधा जुळण्याऐवजी तेथे खड्डाच पडतो. ईपीपी आणि ईपीओ या जातींचे फोम मात्र तोच गोंद विनातक्रार सोसतात. पांढरा पाणीदार गोंद दोन फोमच्या पृष्ठांत कोंडला गेला की त्यातील पाण्यास निघून जाण्यास वाट नसते, आणि वरून घट्ट दिसणारा सांधा आत कित्येक दिवस ओलाच राहतो. यास्तव टाकाऊ तुकड्यावर आधी गोंदाची परीक्षा घेतली होती काय, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न शेपटीपाशी किती गोंद ओतला, हा. गुरुत्वमध्यापासून ५० सेंटीमीटर मागे १० ग्रॅम गरम गोंद साचला, तर त्याची भरपाई २५ सेंटीमीटर पुढे २० ग्रॅमने करावी लागते. हा हिशेब नवशिक्याने एकदा स्वतः मांडला, की पुढच्या खेपेस बंदूक त्याच्या हातात आवरून चालते.

पंख बसतो त्या खाचेकडेही पाहावे. सांध्यात फट दिसते म्हणून नवशिका खाच कानशीने घासतो, फट नाहीशी होते, आणि तिच्यासोबत पंख व शेपूट यांमधील ठरवून दिलेला कोनही नाहीसा होतो. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फाँस पेनो याने रबराच्या पिळावर जे चिमुकले विमान उडविले, त्याच्या स्थैर्याचे एक रहस्य शेपटीचे पृष्ठ पंखाच्या मानाने उणे कोनात बसविण्यात होते. आज दीडशे वर्षांनंतर तोच कोन आपल्याकडे कानशीच्या चार फटकाऱ्यांत निकालात निघतो. फट राहिली तरी चालेल, कोन राहिला पाहिजे, हे त्यास बजावून सांगावे.

सर्व्होचे हॉर्न हा दोषांचा खरा खजिना. सर्व्हो हाताने फिरवून अंदाजाने 'मध्यावर' आणायचा, हॉर्न ठोकायचे आणि मग वाकडे आलेले एलिव्हेटर ट्रिमने सरळ करावयाचे, ही सर्वत्र आढळणारी पद्धत होय. रेडिओ चालू करून, काठ्या मध्यावर व ट्रिम शून्यावर ठेवून, सर्व्हो स्वतः मध्यावर आल्यानंतरच हॉर्न काटकोनात बसविले पाहिजे. नाहीतर एका बाजूस पृष्ठ भरपूर हलते आणि दुसऱ्या बाजूस, नेमके हवे तेव्हा, अपुरे पडते. त्यानंतर दिशेची खातरजमा. येथे चूक होण्याचे कारण अज्ञान नसून बसण्याची जागा असते: मनुष्य मेजावर विमानाचे नाक आपल्याकडे करून बसतो, आणि समोरून पाहिले असता उजवे ते डावे दिसते. नवशिक्यास शेपटीमागे उभे करावे. काठी उजवीकडे नेली असता उजवे एलेरॉन वर व डावे खाली गेले पाहिजे, काठी आपल्याकडे ओढली असता एलिव्हेटर वर आले पाहिजे. आणि हे त्याने मोठ्याने उच्चारून दाखवावे. डोळे पाहतात ते मन नेहमीच वाचते असे नाही, तोंडाने म्हटले की वाचावेच लागते.

हे सर्व प्रॉपेलर उतरवून. तो चढविताना त्यावर छापलेले आकडे विमानाच्या गतीच्या दिशेकडे तोंड करून असावेत, मग मोटर नाकावर असो की पंखामागे. आणि मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल करावी. मागे मोटर असलेल्या विमानावर प्रॉपेलर उलटा बसवून, "मोटर आवाज करते पण ओढत नाही" अशी कैफियत घेऊन येणारे दरसाल भेटतात. बॅटरी जागी ठेवून पंखाखाली दोन बोटे धरणे हा गुरुत्वमध्याचा शेवटचा निवाडा. साध्या आयताकृती पंखाच्या विमानात तो बिंदू पंखाच्या रुंदीच्या चौथाई ते तिहाईच्या दरम्यान असतो, म्हणजे २० सेंटीमीटर रुंदीस सुमारे ५ ते साडेसहा सेंटीमीटर. पत्रकात दिलेला आकडा असल्यास अर्थात त्याबरहुकूम चालावे.

कोणी म्हणेल, हा सारा अंमल आपण कोणत्या अधिकाराने चालविणार? २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमहून जड व २ किलोपर्यंतचे वैमानिकरहित विमान सूक्ष्म वर्गात मोडते, आणि हेतू व्यापारी नसल्यास ते चालविण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. आकाशाचे हरित, पीत व रक्त असे विभाग पाळावे लागतात, ही गोष्ट निराळी. तात्पर्य, नवशिक्याची परीक्षा घेणारा सरकारी परीक्षक कोणी नाही. तिची जबाबदारी मैदानावर जो उभा आहे त्याची. ती टाळली तर अर्ध्या किलोचा फोम कोणाच्या ओसरीत वा डोक्यावर उतरेल हे सांगता येत नाही, आणि त्या दिवशी मैदान बंद करण्याचा हुकूम आणावयास गावास वेळ लागत नाही.

आमची सूचना एवढीच, की प्रत्येक मैदानावर रविवारी उजाडल्यानंतरचा पहिला अर्धा तास, वारा उठण्यापूर्वी, केवळ नवागतांसाठी राखून ठेवावा. अनुभवी सभासदाने विचारावे, दाखवावे, हवे तर रागवावे; मात्र स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये. शंका उरली तर उड्डाण तहकूब करावे. पहिले उड्डाण जाणत्या हातांनी व्हावे, याला आमची मुळीच हरकत नाही, कारण ते कौशल्य एका सकाळीत येणारे नव्हे. परंतु विमान खाली उतरताच ट्रिम कोठे गेले आहे ते मालकास दाखवावे, आणि ट्रिम शून्यावर परत येईल इतकी पुशरॉडची लांबी त्याच्याच हातून कमीजास्त करवून घ्यावी.