अमेरिकेच्या टायरला पैसे आधी, खोपोलीच्या लेथला "बघू"

परवा खोपोलीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चहाला बसलो होतो. भिंतीवर फोटो लावलेला. रेसिंग कार, भोवती वीस-पंचवीस पोरं. विचारलं, "काका, हे काय?"

"गाडीचे पार्ट आपल्या लेथवर झालेत. फोटो पोरांनी पाठवला. पैसे राहिलेत."

किती? ३८ हजार. कधीपासून? ८ महिने. फोन केला तर टीमचा कॅप्टन म्हणाला, "काका, मी पास आउट झालो, नवीन कॅप्टनशी बोला." नवीन म्हणतो, जुना हिशोब मला माहीत नाही. कॉलेज म्हणतं, आमची ऑर्डरच नव्हती.

कॉलेज मुंबईकडचं आहे. नाव लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि ही तऱ्हा एकाची नाही.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी. इंजिनिअरिंगची मुलं एका सीटची रेसची गाडी स्वतः डिझाइन करतात, बनवतात आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेला नेतात. पेट्रोल गाडीला इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि हवा आत जायला जेमतेम २० मिलिमीटरची वाट. ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी ६० अंशांत तिरकी करून बघतात. ब्रेक मारला की चारही चाकं लॉक व्हावी लागतात. उपक्रम उत्तम आहे. पुस्तकातलं इंजिनिअरिंग हाताला लागतं ते इथेच. माझं भांडण पोरांशी नाही.

भांडण आहे ते काम करून घेण्याच्या पद्धतीशी.

अशी गाडी सगळी कॉलेजच्या आवारात बनत नाही. पाइप एकीकडे वाकवायचा, प्लेट दुसरीकडे लेसरवर कापायची, हब तिसऱ्याकडे टर्निंगला. चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो अपराइट व्हीएमसीवर. आणि सगळे नग दोन किंवा चार. आता विचार करा. हजार नगांच्या कामात सेटिंग एकदाच करायचं, खर्च हजारांत वाटला जातो. दोन नगांना सेटिंग तेवढंच, आणि तो सगळा वेळ त्या दोन नगांवर. म्हणून भाव जास्त लागतो. पोरांना कुणी हे समजावलेलं नसतं. ती घासाघीस करतात, "बाहेर एवढ्यात होतं" म्हणतात. काका पोरांकडे बघून ऐकतात.

मग कंपनीचं रोजचं काम आलं की पोरांचा जॉब बाजूला पडतो. पडणारच. कंपनीवर त्यांची चूल पेटते. उशीर झाला की ऐकायचं काय? "लोकल वेंडर भरवशाचे नाहीत."

अहो, भरवसा एका बाजूने कसा तयार होईल? रेसिंगचे टायर अमेरिकेहून मागवता, तेव्हा पूर्ण पैसे आधी भरता की नाही? पैसे मिळाल्याशिवाय माल जहाजावर चढत नाही. तिथे कुणी "स्टुडंट आहोत, समजून घ्या" म्हणत नाही. समजून घ्यायचं ते फक्त खोपोली, खालापूर, कर्जतच्या माणसाने. गाडीवर स्पॉन्सरची नावं लागतात. ज्याने बेअरिंगचं घर पॉइंट झिरो टूमध्ये बसवून दिलं, त्याचं नाव कुठे?

हे नुसतं पैशाचं नाही. ड्रायव्हरच्या डोक्यामागे जो मेन हूप असतो, गाडी उलटली तर पोराचा जीव त्याच्यावर आणि त्याच्या वेल्डिंगवर. ते काम फोनवरच्या फोटोवरून, तोंडी मापावर होत असेल, तर उद्या काही घडल्यावर बोट कुणाकडे जाईल? कॉलेज म्हणेल आमची ऑर्डर नव्हती. उरला वेल्डर.

आता आपल्या लोकांनाही दोन शब्द. सगळा दोष मुंबईचा नाही. "उद्या देतो" हे वाक्य आपणच स्वस्त केलंय. जमणार नसेल तर नाही म्हणायला आपण लाजतो. ड्रॉइंगवर माप नसेल तर विचारत नाही, अंदाजाने काढतो. बिल वहीच्या मागच्या पानावर. मग वसुलीला कागद कुठून आणणार?

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो: लेखी करार असेल तर ठरल्या तारखेला पैसे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. मात्र काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. काकांकडे नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ऑर्डर कॉलेजच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. कॅप्टन दरवर्षी बदलतो, कॉलेज बदलत नाही. ड्रॉइंगवर माप, तारीख आणि प्राध्यापकांची सही. अर्धे पैसे आधी, उरलेले माल मोजून घेताना. आणि डिझाइन पक्कं करण्याआधी पोरांना एक दिवस या वर्कशॉपमध्ये बसवा. कॉम्प्युटरवर काढलेल्या कोपऱ्यात टूल पोचतच नाही, हे काका पाच मिनिटांत सांगतील. त्या पाच मिनिटांत पोरांचा महिना वाचेल.

टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत पाण्यावर वीज तयार केली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. तेव्हापासून घाटाखालचं हे गाव मुंबईसाठी राबतंय. राबायला ना नाही. पण केलेल्या कामाचे पैसे मागताना आमच्या माणसाने खाली मान का घालावी?

कॉलेजात शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर आपल्या टीमला एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षीच्या गाडीचं कुणाचं बिल राहिलंय का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे.