डबा मुरबाडात, कोडे क्रिमियात

गुप्तधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोहरांचा हंडा आणि त्यावर वेटोळे घालून बसलेला नाग उभा राहतो. हल्लीच्या पोरांनी या गुप्तधनाला ‘जिओकॅश’ असे नाव दिले आहे. हंड्याच्या जागी झाकणाचा डबा असतो आणि नागाच्या जागी कोडे. डब्यात धन म्हणाल तर एक चिमुकली वही, पेन्सिलीचा तुकडा आणि दोन-चार किरकोळ चिजा! शोधणाऱ्याने वहीत नाव आणि तारीख लिहायची, एखादी वस्तू उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून चालू लागायचे. यात मिळते काय, असे कृपा करून विचारू नका. क्रिकेटचा सामना पाहून तरी आपल्या पदरात काय पडते?

या खेळाचे मूळ मात्र पलटणीतले आहे. अमेरिकेच्या लष्कराने आपले ठिकाण अचूक कळावे म्हणून आकाशात उपग्रह सोडले. पण इतरांना मिळणारे त्यांचे संकेत मुद्दाम बिघडवून ठेवले होते. शंभरेक मीटरची चूक सहज पडे. २ मे २००० रोजी हे बिघडवणे बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या रानात एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज असे लाखो डबे जगभर दडलेले आहेत. त्यातला एक मुरबाडात, माझ्या ताईच्या परसात, आंब्याच्या दुबेळक्यात आहे.

हा उद्योग माझ्या भाच्याचा. त्याने साधा डबा न ठेवता कोड्याचा ठेवला. त्यात जाहीर केलेली जागा खोटी असते. खरी जागा तेथून फार तर तीन किलोमीटरांवर, आणि ती कोडे सोडवल्यावाचून कळत नाही. “मामा, विषय ठरला,” तो म्हणाला, “लढाईचे फोटो!” १९ अंश १५ मिनिटे उत्तर इथवर त्याने फुकट दिले होते. रेखांशही पुरे देऊन टाकले होते. अक्षांशाच्या मिनिटांपुढचे दशांश चिन्ह आणि त्यानंतरचे तीन अंक तेवढे फोटोंनी द्यायचे.

पहिला प्रश्न रॉजर फेंटनचा. हा इंग्रज छायाचित्रकार १८५५ साली क्रिमियाच्या युद्धावर गेला, तो एका दारूविक्याची घोडागाडी विकत घेऊन. त्या गाडीचीच त्याने अंधारखोली केली. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ती वाळायच्या आत फोटो काढायचा आणि धुवायचाही. शिवाय काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेव्हा धावता घोडा आणि उडता धूर विसरा! लढाई संपलेली जागा, बसलेले अधिकारी, उभे तंबू एवढेच त्याच्या वाट्याला आले. प्रेते त्याने टाळली. फोटो पुढे विकायचे होते, आणि दिवाणखान्यात प्रेत कोण लावतो?

त्याचा सर्वांत गाजलेला फोटो एका उजाड घळीचा आहे. रस्त्यावर तोफेचे गोळेच गोळे पसरले आहेत. पण याच जागेचा, कॅमेरा जराही न हलवता काढलेला दुसरा फोटोही आहे. त्यात गोळे कडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा. मग आधीचा कोणता? शिपायांनी रस्ता साफ केला, की कुणी गोळे उचलून रस्त्यावर मांडले? यावर विद्वानांनी बरेच तर्क लढवले. कुणी फेंटनच्या स्वभावावरून बोलले, कुणी सावल्यांवरून. अखेर २००७ साली एरल मॉरिस या अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शकाने हा प्रश्न हाती घेतला. तो थेट क्रिमियात जाऊन त्या घळीत उभा राहिला. उकल झाली ती मात्र गोळ्यांमुळे नव्हे. उतारावरच्या क्षुल्लक दगडांमुळे. एका फोटोत जे दगड वर आहेत ते दुसऱ्यात किंचित खाली घसरले आहेत. माणसांचे पाय लागले की दगड खाली घसरतो, वर चढत नाही. गोळ्यांनी भरलेल्या रस्त्याच्या फोटोत दगड खाली आहेत, म्हणजे तो नंतरचा. गोळे मांडले कुणी, हे दगड सांगत नाहीत.

“मोकळा रस्ता आधीचा असेल तर ४, गोळ्यांचा आधीचा असेल तर ७,” असे भाच्याने लिहिले होते. चारच्या जागी सात धरला की शोधणारा साडेपाचशे मीटर उत्तरेला भलत्याच्याच अंगणात! मला हे कोडे बेहद्द आवडले.

दुसरा फोटो घराजवळचा आणि म्हणून जास्त बोचणारा. लखनौच्या सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये तुंबळ कत्तल झाली. फेलिचे बिआटो तेथे कॅमेरा घेऊन पोचला तो पुढल्या वर्षी. तरी त्याच्या फोटोत पडक्या वाड्यापुढे बंडवाल्यांचे सांगाडे विखुरलेले दिसतात. ते फोटोसाठी मांडून घेतले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. क्रिमियात इंग्रजाने आपल्या माणसांची प्रेते टाळली आणि येथे आमची हाडे मांडली गेली. हा फरक मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात कुणी सांगितला नव्हता.

खरा पेच पडला तो तिसऱ्या अंकाला. ताईच्या माजघरात तिच्या सासूबाईंच्या थोरल्या भावाची तसबीर आहे. मागे रंगवलेला पडदा, अंगात पलटणीचा गणवेश, चेहरा विशीतला. हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेला, तो परतलाच नाही. त्याच मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांनी बावीसाव्या वर्षी देह ठेवला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून त्यांचे नाव राहिले. बाकीच्यांची अशी तसबीर राहिली, तीही राहिली तर! भाच्याने प्रश्न बेतला होता: या शिपायाच्या कोटाला बटणे किती?

आजींचे वय नव्वदीच्या पुढे. कान मंद, पण एवढे नेमके ऐकू आले.

“बटणं मोजायची तर तुझ्या सदऱ्याची मोज,” त्या म्हणाल्या. “माझ्या दादाची नाही मोजायची.”

भाचा वरमला. मग त्याने नुसते विचारले, “आजी, दादा लढाईवर होते तेव्हा इथे काय चाललं होतं?” आजींचे माहेर सिद्धगडाच्या अंगाला. त्या नऊ वर्षांच्या होत्या. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोटवाल यांच्या आझाद दस्त्याने बेचाळीसच्या चळवळीत विजेचे मनोरे पाडायचा सपाटा लावला होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि कोटवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. अजूनही दर २ जानेवारीला तेथे माणसे जमतात. आजींनी गोळ्या ऐकल्या नव्हत्या. “आई दिवसभर डोळे पुसत होती, एवढं आठवतं. आणि दादाची मनीऑर्डर त्याच महिन्यात आली. ती घ्यायची की नाही, यावरून आई-बाबांचं भांडण झालं.”

“मग घेतली?”

“घेतली. घरात सहा तोंडं होती.”

त्या चकमकीचा फोटो भाच्याला कुठेच सापडला नाही. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला त्याने एक कोरी चौकट ठेवली. खाली नुसती ‘२ जानेवारी १९४३’ ही तारीख. प्रश्न असा, की त्या दिवशी सिद्धगडावर हुतात्मे किती झाले. डबा सिद्धगडावर ठेवायचा त्याचा आधी विचार होता; पण ते अभयारण्य, आणि खेळाचा नियम असा की जागेच्या मालकाची परवानगी हवी व जमीन खणायची नाही. परसातल्या आंब्याची परवानगी आजींकडून मिळाली.

पहिल्याच रविवारी कल्याणहून एस.टी.ने दोन कॉलेजचे विद्यार्थी आले आणि आंब्याखाली घुटमळू लागले. ताईने त्यांना घरात बोलावून चहा दिला. वहीत नावे लिहून झाल्यावर त्यांतल्या एकाची नजर माजघरातल्या तसबिरीवर गेली. हा कोण, असे त्याने विचारले आणि आजींनी गाव, नाव, पलटण सारे सांगितले. “याचा फोटो घेऊ का?” त्याने खिशातून मोबाइल काढीत विचारले. “थांब,” आजी म्हणाल्या, आणि उठून आधी त्यांनी पदराने काच पुसली.