डिस्चार्ज सकाळी, सुटका रात्री!

डॉक्टर सकाळच्या राउंडला म्हणतात, 'आज घरी जायला हरकत नाही.' मग हॉस्पिटलमधून निघेपर्यंत रात्र का होते? घरात कुणाचं ऑपरेशन कॅशलेस मेडिक्लेमवर झालं असेल, तर हा प्रश्न तुम्हाला नक्की पडला असेल. बिलिंग काउंटरवर सांगतात, 'कंपनीकडून अप्रूव्हल आलेलं नाही.' हेल्पलाइनला फोन लावला, की 'हॉस्पिटलने कागद पाठवलेले नाहीत.' आणि ही सगळी पळापळ तुमच्याच गळ्यात पडते, कारण 'तुला मोबाइलमधलं कळतं ना!'

खरं तर यासाठी नियम आहे. विमा क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या 'आयआरडीएआय'ने मे २०२४मध्ये परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. त्यापेक्षा उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. ऐकायला भारी वाटतं. पण खरी मेख पुढे आहे. हे ३ तास हॉस्पिटलची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून मोजतात. डॉक्टर 'घरी जा' म्हणाल्यापासून फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी तयार होऊन मेल जाईपर्यंतचा वेळ त्यात धरलेलाच नाही.

असं का? कारण आयआरडीएआयचा अधिकार विमा कंपन्यांवर चालतो, हॉस्पिटलवर नाही. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलची नोंदणी शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. तो मुळात १९४९चा. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. २०२१मध्ये राज्याने नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. म्हणजे कंपनीचा मालक वेगळा, हॉस्पिटलचा वेगळा, आणि पेशंट दोघांच्या मधल्या फटीत. जोवर हॉस्पिटललाही वेळेचं बंधन येत नाही, तोवर त्या ३ तासांना फारसा अर्थ नाही.

तोवर तुम्ही काय करू शकता? पहिलं म्हणजे, काउंटरवर 'अप्रूव्हल कधी येणार?' असं विचारू नका. 'तुमची विनंती किती वाजता गेली?' असं विचारा आणि ती वेळ लिहून घ्या. उशीर नेमका कुणाकडून होतोय, ते तिथेच कळतं.

दुसरं, खोली निवडताना पॉलिसी उघडून बघा. समजा, ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. तुम्ही १० हजारांची खोली घेतली. वाटतं, वरचे ५ हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कपात होते, म्हणजे निम्मेच पैसे मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कपात लावता येत नाही. कंपनीने तिथेही कात्री चालवली असेल, तर भांडायला जागा आहे.

तिसरं, कागद. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर केसपेपर ७२ तासांत द्यायचे, असं डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत लिहिलंय. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. क्लेम नाकारला गेला, तर याच फाइलवर तुमची बाजू उभी राहते.

नकार आलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यातही त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. लक्षात ठेवा, तिथे तक्रार फक्त विमा कंपनीची ऐकतात. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. एकाच आजारपणाच्या तक्रारी, पण दारं दोन!

आज घरी गेलात की आई-बाबांकडून पॉलिसीची पीडीएफ मागा. खोलीभाड्याची मर्यादा किती, जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड किती आणि तुमचं नाव त्यात कितव्या वर्षापर्यंत राहणार, या ३ गोष्टी शोधा. अर्धा तास लागेल. अ‍ॅडमिशनच्या रात्री तेवढाही वेळ कुणाकडे नसतो.